दोन जर्सी

एल्स्पेथ रँकिनला तिच्या गावात, म्हणजे स्कॉटलंडमधल्या ग्लेनार्वीत, सगळे मान देत. ब्रिटनची जर्सी नाकारणारी बाई म्हणून तिची ओळख होती. खरं तर तिने ती नाकारली नव्हती. ती तिला कुणी देऊच केली नव्हती. पण ही गोष्ट एल्स्पेथच्या घराबाहेर गावात एकट्या मॉयराला ठाऊक होती. आणि मॉयराला ठाऊक असणं हेच एल्स्पेथच्या आयुष्याचं मोठं दुखणं होतं.

दोघी एका गल्लीत वाढल्या, एकाच क्लबात कर्लिंग शिकल्या. बर्फावरून ग्रॅनाइटचा दगड हळूच सोडायचा आणि त्याच्यापुढे झाडू घासत पळायचं, असा हा खेळ. दगड सोडावा मॉयराने आणि झाडू घासावा एल्स्पेथने. दगड 'घरात', म्हणजे बर्फावर आखलेल्या वर्तुळात, जाऊन बसला की टाळ्या दगडवालीला मिळतात, झाडूवालीचे फक्त खांदे दुखतात. एल्स्पेथला हे नवव्या वर्षीच कळलं होतं, आणि ते तिने कधी विसरायचं म्हटलं नाही.

तरी एक दिवस असा आला की दोघींच्या अंगात एकच जर्सी होती. स्कॉटलंडची, गडद निळी, छातीवर पांढरी फुली, पाठीवर आडनाव. जागतिक स्पर्धेत त्या चौघी मुली तिसऱ्या आल्या, तेव्हा सबंध गाव स्टेशनवर आलं होतं. त्या हिवाळ्यात दोघी बहिणींसारख्या वागल्या. एल्स्पेथला वाटलं, आता फिटलं सगळं.

पण ऑलिम्पिकला स्कॉटलंड जात नाही, ब्रिटन जातं. दगड तेच, बर्फ तोच, मुली त्याच, फक्त जर्सी बदलते. आणि जर्सी बदलताना निवडणारे मुलीही थोड्या बदलून घेतात. फोन आला तेव्हा मॉयरा एल्स्पेथच्याच स्वयंपाकघरात चहा पीत बसली होती. तिघी जुन्या घेतल्या होत्या, चौथी एल्स्पेथऐवजी दुसऱ्या गावची. एल्स्पेथने रिसीव्हर ठेवला आणि ओट्यावरचं फडकं उचलून आधीच कोरडी असलेली बशी पुसायला घेतली.

"एल्सी, मी त्यांना सांगते," मॉयरा म्हणाली. "तुझ्याशिवाय मी..."

"काही सांगू नकोस. मला ती जर्सी नकोच होती. राणीचं गाणं म्हणत उभं राहायचं, ते तुलाच लखलाभ."

कोल्ह्याला द्राक्षं आंबट, दुसरं काय. पण हेच वाक्य दुसऱ्या दिवशी ती बेकरीच्या काउंटरवर बोलली, तिथे ती खिमा भरलेल्या ब्रायड्या विकायची. गिऱ्हाइकाने ते घरी नेलं. आठवड्याभरात 'नकोच होती' चं 'नाकारली' झालं, आणि वर्षभरात 'तोंडावर फेकली' झालं. एल्स्पेथने एकदाही कुणाला दुरुस्त केलं नाही. ब्रिटनच्या मुली चौथ्या आल्या, पदकाशिवाय परतल्या, त्या दिवशी तिने प्रत्येक गिऱ्हाइकाला एकेक ब्रायडी फुकट दिली. लोकांना वाटलं, मैत्रीण खेळली याचा आनंद.

मग मात्र तिला तो मान जपावा लागला. अंगणात तिने निळा-पांढरा झेंडा लावला. क्लबात ब्रिटनचं राष्ट्रगीत लागलं की ती नेमकी त्याच वेळी चहाची किटली भरायला आत जाई. स्कॉटलंडने ब्रिटनपासून वेगळं व्हायचं की नाही याचं मतदान आलं, तेव्हा तिच्या खिडकीत हातभर मोठं 'हो' लागलं. मॉयराच्या खिडकीत मात्र जिरेनियमच्या कुंड्या होत्या, बाकी काही नाही.

"दोन्ही डगरींवर पाय ठेवून जगतेय ती," एल्स्पेथ म्हणायची.

कुणीतरी हे मॉयराच्या कानावर घातलं. ती हसली. "अगं, माणसाला आईकडचं आजोळ असतं, बापाचं घर असतं. दोन्हीकडे जेवलं म्हणून कुणी बेइमान होतं का?"

हे उत्तर गावाला आवडलं, आणि एल्स्पेथच्या अंगाचा तिळपापड झाला. इतकं सोपं कसं असू शकतं हिला? दोन देश मिरवते आणि एकाचंही ओझं वाटत नाही!

असं बरंच सुखात चाललं होतं, म्हणजे एल्स्पेथच्या मानाने. मग क्लबाची नवी इमारत झाली आणि दारात एक काचेचं कपाट आलं. सेक्रेटरी हेक्टरने सभा बोलावली. प्रश्न एकच होता, कपाटात मॉयराची कुठली जर्सी लावायची, स्कॉटलंडची की ब्रिटनची?

एल्स्पेथ ताडकन उभी राहिली. "स्कॉटलंडची! यात विचारायचं काय, हेक्टर? बर्फ आपला, दगड आपले. ब्रिटनचा कागद तेवढा वरून गुंडाळलेला."

"पण ऑलिम्पिक म्हणजे ऑलिम्पिक गं," मागून कुणीतरी म्हणालं, आणि अर्धा तास रण माजलं. शेवटी मॉयरा उठली.

"भांडता कशाला? दोन्ही लावा. ब्रिटनची माझी लावा. आणि स्कॉटलंडची एल्सीची लावा. ती तिलाच शोभते."

टाळ्यांचा कडकडाट झाला. हेक्टरच्या डोळ्यांत पाणी आलं. एल्स्पेथला मात्र आपली जर्सी कुठे आहे तेच आठवेना.

घरी आल्यावर तिने माळा उपसला, ट्रंका उपसल्या. नवरा फर्गस खुर्चीतून बघत होता.

"काय शोधतेस?"

"माझी स्कॉटलंडची जर्सी."

"ती? ती तू आपली नेल कुत्री व्याली तेव्हा तिच्याखाली अंथरली होतीस. त्या फोनच्याच आठवड्यात. मी म्हटलंसुद्धा, अगं, गोणपाट घे. तू म्हणालीस, या जर्सीची लायकी तेवढीच."

एल्स्पेथ ट्रंकेच्या काठावर बसली. तिला सगळं आठवलं. याच जर्सीत आपण झाडू घासला आणि याच जर्सीच्या जोरावर मॉयरा वर गेली, म्हणून तिने ती कुत्रीखाली घातली होती. पाच पिल्लं झाली, आणि जर्सी कचऱ्यात गेली. सगळ्या गावात स्कॉटलंडची सर्वांत कडवी लेक ती, आणि स्कॉटलंडच्या जर्सीचं एक चिंधूकसुद्धा घरात नाही. तसली जर्सी आता कुठे विकत मिळायची नव्हती. उद्घाटन शनिवारी होतं. हेक्टरने दोनदा विचारलं, दोन्ही वेळा ती म्हणाली, "इस्त्रीला दिलीय."

शुक्रवारी दुकान बंद करायच्या वेळेला मॉयरा आली. तिने काउंटरवर एक कागदी पिशवी ठेवली.

"माझी आहे. माप तेच."

"मला कशाला?" एल्स्पेथ म्हणाली. "माझी इस्त्रीला..."

"एल्सी, नेलचं एक पिल्लू मी नेलं होतं. टोपलीतून मीच उचललं ना ते, त्या जर्सीवरून?"

भट्टी गार झाली होती, दुकानात कुणी नव्हतं. एल्स्पेथला कळेना, हिचे आभार मानावेत की हिच्या तोंडावर पिशवी फेकावी.

"म्हणजे तुला माहीत होतं. आणि तरी भर सभेत माझं नाव घेतलंस?"

"मला वाटलं, नंतर धुऊन ठेवली असशील. आई शप्पथ." मॉयराचा चेहरा बघून काही कळत नव्हतं, तो कधीच बघून कळला नव्हता. "पाठीवर माझं नाव आहे. पण पाठ भिंतीकडेच राहणार. कोण बघतंय?"

"आणि तू सांगितलंस कुणाला तर?"

"इतकी वर्षं सांगितलं का?"

या उत्तरानेच एल्स्पेथ सर्वांत जास्त जळाली. या बाईने चांगुलपणासुद्धा तिच्यासाठी शिल्लक ठेवला नव्हता. पण तिने पिशवी घेतली.

शनिवारी कपाट उघडलं. डावीकडे लाल-पांढरी-निळी, उजवीकडे गडद निळी. हेक्टर म्हणाला, "एक आपल्या मॉयराची, एक आपल्या एल्स्पेथची. हेच आपलं गाव!" सगळ्यांनी पेले उंचावले. मॉयरा तिच्याशेजारी उभी राहून हळूच म्हणाली, "हस की गं, फोटो काढतायत."

एल्स्पेथ हसली. आता ब्रिटनही मॉयराचं आणि स्कॉटलंडही मॉयराचंच, हे फक्त तिलाच दिसत होतं.

त्याला आता बरीच वर्षं झाली. एल्स्पेथ अजून खेळायला येते, गुडघे धरून का होईना. आत शिरताना कपाटासमोर थांबते, कुलूप दोनदा ओढून बघते, जर्सीची पाठ भिंतीला नीट चिकटली आहे ना ते वाकून पाहते, आणि मगच बुटांच्या बाकाकडे जाते. नव्याने आलेल्या पोरींना हेक्टर ते कौतुकाने दाखवतो.

"बघा," तो म्हणतो, "किती जपते ही बाई स्कॉटलंडला."