तीन बोटांची तपासणी

माझी मुलगी चौदा वर्षांची होती आणि शाळेच्या कबड्डी संघात खेळायची. एका सामन्यात पकड करताना तिचं डोकं दुसऱ्या मुलीच्या कपाळावर आपटलं. क्रीडाशिक्षकांनी तोंडावर पाणी मारलं, तीन बोटं दाखवली. तिने 'तीन' म्हटलं. मग त्यांनी मला फोन केला. मी खराडीच्या ऑफिसात, क्लायंटच्या मीटिंगमध्ये होते.

"मॅडम, थोडं लागलंय. पण ठणठणीत आहे. उतरवू ना?"

"ती काय म्हणते?"

"खेळायचंच म्हणते."

"मग खेळू द्या," म्हणून मी फोन ठेवला.

मला नंतर कळलं, पुढची दहा मिनिटं ती विचारत होती, आपण कुठल्या शाळेशी खेळतोय? तीनदा विचारलं. मुली हसल्या, सरही हसले. मग ती पुन्हा आपटली, उठली आणि मॅटवरच उलटी केली.

"स्कॅन चांगला आलाय," हॉस्पिटलात डॉक्टरबाई म्हणाल्या, "पण मेंदूला बसलेला हादरा स्कॅनमध्ये दिसतोच असं नाही. शुद्ध हरपायलाच हवी असंही नाही. तेच तेच विचारत होती ना? तेव्हाच बाहेर बसवायला हवं होतं."

दोन महिने तिला पुस्तकाचं एक पान सलग वाचता येईना. ट्यूबलाइट लावली की डोळे झाकायची. साध्या वजाबाकीला रडायची. मला सरांचा संताप यायचा आणि त्याहून जास्त स्वतःचा. चौदा वर्षांच्या मुलीला, तेही डोकं आपटल्यावर, खेळायचं का म्हणून विचारणारी मी कोण शहाणी?

शाळेत गेले. सर म्हणाले, "अहो, खेळात लागायचंच. एवढं जपायचं तर कॅरम शिकवा."

"शिकवीन. आपण तोवर बोटं मोजण्याच्या पुढचं काही शिकून घ्या."

मुख्याध्यापिकांनी चहा मागवला. मी घेतला नाही.

पुढे प्रत्येक पालकसभेत मी उठून हाच विषय काढायचे. बाकीचे पालक घड्याळाकडे बघायचे. वर्षभराने सूचना फलकावर कागद लागला: डोक्याला मार लागलेला खेळाडू त्या दिवशी पुन्हा उतरणार नाही, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय सरावालाही येणार नाही. दोन ओळी. त्या लिहायला वर्ष लागलं. सरांनी माफी मागितली नाही, आजतागायत नाही.

मुलगी पुढच्या हंगामात परत खेळली. मी रजा टाकून मैदानाच्या कडेला बसले. "आई, तू घरी जा," ती म्हणाली. मी हलले नाही.