रंधेबुवांची अनासक्ती

रंधेबुवा तसे साधे सुतार. पण निवृत्त प्राध्यापकांची एक टोळी रोज संध्याकाळी त्यांच्या कारखान्यात फळ्यांवर येऊन बसू लागली आणि सुताराचे बुवा झाले. ‘वस्तू हातावेगळी झाली की आपली नाही. दिलं ते दिलं, मागे वळून बघायचं नाही,’ असं ते भुशात पाय पसरून सांगत. प्राध्यापक माना डोलवत. चहा मात्र बुवांच्या बायकोला करावा लागे. ज्ञानाला घसा कोरडा चालत नाही.

हीच अनासक्ती त्यांनी लेकीलाही लावली होती. लग्नाला चार वर्षं झाली, पोरगी दर फोनला ‘बाबा कधी येणार?’ विचारायची, आणि बुवा एकदाही तिच्याकडे फिरकले नव्हते. ‘तिचा संसार तिचा. आपण गुंतायचं नाही.’ बायको एकटीच जाऊन यायची आणि परतताना बसमध्ये रडायची.

मग एक दिवस बाजारात बायकोला बुवांच्या एक जुन्या गिऱ्हाईक बाई भेटल्या. ‘तुमचे मिस्टर देवमाणूस हो. दर महिन्याला येऊन कपाटाला तेल घालतात, तासभर हात फिरवत बसतात. शेजारणीच्या टेबलाकडेही जातात म्हणे.’

म्हणजे गावभरच्या कपाटांना माया आणि पोटच्या पोरीला तत्त्वज्ञान! बायकोच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण घरी येऊन ती भांडली नाही. तिने लेकीला फोन लावला.

रात्री जेवताना ती सहज म्हणाली, ‘पोरीला लग्नात तुम्ही करून दिलेल्या कपाटाचं दार लोंबतंय म्हणे. जावई लोखंडी आणायचं म्हणतायत.’

‘लोखंडी?’ बुवांचा घास हातातच राहिला. सकाळी पहिल्या बसमध्ये ते हत्यारांची पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. बायको शेजारी, चेहरा अगदी गरीब.

लेकीने दार उघडलं. बुवा तिच्याकडे न बघता तडक कपाटाशी गेले. दार खरंच लोंबत होतं. बायको चपापली, तिने तर लेकीला फोनवर नुसती थाप मारायला सांगितलं होतं. बिजागरीचे स्क्रू काढून वाटीत ठेवलेले होते.

‘हे आपोआप निघालेले नाहीत,’ बुवा म्हणाले.

‘नाही. मीच काढले,’ लेक म्हणाली. ‘तुम्ही तरी कुठे आपोआप आलात?’

बुवा खाली बसले, स्क्रू उचलला. डोळे भरल्यामुळे त्याची खाच काही दिसेना. लेकीने तो त्यांच्या हातातून काढून घेतला.

‘राहू दे ते, बाबा. आधी माझं घर तरी बघा.’