मामाच्या लाल गिटारीला लावलेली करवत

कवळीबाई हे नाव तिला नवऱ्यानं दिलं आणि पुढे सगळ्यांनीच उचललं. दिवसभर ती दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या घासते आणि संध्याकाळी घरी गिटारी उघडून बसते. पुढच्या खोलीची अख्खी भिंत इलेक्ट्रिक गिटारींनी भरलेली. "लोकांच्या भिंतीवर पूर्वज असतात," नवरा पाहुण्यांना सांगतो, "आमच्याकडे या गिटारी. पूर्वज परवडले, त्यांच्या तारा तरी बदलाव्या लागत नाहीत."

गिटारी तिचा दादाही जमवतो. तो फोटो स्टुडिओ चालवतो. त्याच्या गिटारी काचेच्या कपाटात असतात आणि त्यांना कुणी हात लावायचा नाही. मामाची लाल गिटार वाटणीत कवळीबाईकडे गेली, हे त्याला अजून पचलेलं नाही. त्यातच तिनं त्या गिटारीला कुलपाचा ट्रेमोलो बसवायचं ठरवलं.

हा ट्रेमोलो म्हणजे गिटारीच्या अंगात रोवलेल्या दोन खुंट्यांवर तोललेला ब्रिज, तारा अडकवायची पट्टी. पुढून त्याला तारा ओढतात, मागून स्प्रिंगा. तारा दोन्ही टोकांना आवळून कुलूपबंद केलेल्या. म्हणून ब्रिजला लावलेला दांडा दाबला की सूर खोल कोसळतो आणि सोडला की होता तिथे परत येतो. पण तो बसवायला गिटारीच्या अंगात आरपार खाच पाडावी लागते. जमवणाऱ्यांच्या लेखी हे महापाप.

"एक भोक जरी पाडलंस, तरी तुझ्या घरची पायरी चढणार नाही," दादा फोनवर कडाडला.

"नको चढूस. पण ऐक, सूर टिकला नाही तर गिटार तुझी. ठेव कपाटात."

करवतीनं खाच तिनं नीट कापली. चुकलं ते नंतर. एका खुंटीचं भोक किंचित मोठं झालं आणि तिनं हाताच्या सवयीनं त्यात कवळीचा गुलाबी मसाला भरला. चावणाऱ्या तोंडात जे टिकतं, ते इथे का टिकणार नाही?

रविवारी दादा पायरी चढलाच.

"या दादा. प्रेत ओळखायला आलात?" नवऱ्यानं विचारलं.

दादानं लाल गिटार मांडीवर घेतली, तारा लोंबेपर्यंत दांडा दाबला आणि सोडला. सूर परत आला, पण पुरता नाही. सगळ्या तारा थोड्या उतरलेल्या.

"दिवे लावलेस! काढ पिशवी, मी गिटार नेतो."

तिनं दिवा जवळ ओढला. खुंटी पुढे झुकली होती आणि कडेनं गुलाबी मसाला तडकला होता.

"चूक माझी आहे. गिटारीची नाही."

"शब्द दिला होतास."

"ट्रेमोलोवर दिला होता, मसाल्यावर नाही." तिनं तारा सोडल्या, ब्रिज उतरवला. "धर घट्ट."

"मी?"

"तुझ्या कपाटाला हात नाहीत. तुला आहेत. धर."

त्यानं धरली. तिनं ड्रिलनं मसाला उकरून काढला, टणक लाकडाची गुल्ली सरसात बुडवली आणि भोकात ठोकली. प्रत्येक ठोक्याला दादाचे डोळे मिटत होते. पकड मात्र सुटली नाही.

"सरस उद्यापर्यंत वाळेल. मग नवं भोक. तोवर पिशवीचं नाव काढू नकोस."

दुसऱ्या दिवशी तो स्टुडिओ लवकर बंद करून आला. तिनं नवं भोक पाडून ब्रिज आणि तारा चढवल्या होत्या. दांडा दाबला, सोडला. साही तारा जागेवर. त्यानं पुन्हा दाबला, भांडण उकरून काढावं तसा. पुन्हा जागेवर.

"हिची किंमत मातीमोल झाली," तो म्हणाला.

"विकतंय कोण?" कवळीबाईनं भिंतीवरची काळी गिटार उतरवली आणि ब्रिजच्या जागी पेन्सिलनं कापायची रेघ मारली.

दादानं ते पाहिलं. पण मांडीवरची लाल गिटार त्यानं खाली ठेवली नाही.