‘निर्धास्त’ या शब्दाची चाल

आम्रपाली ओव्हाळ चाकणच्या कंपनीत गाड्यांच्या वायरी जोडायची आणि घरी आली की वडिलांच्या गायन पार्टीत गायची. वडील जयसिंग पिंपरीच्या वस्तीतले नावाजलेले ढोलकीवाले. भीमजयंतीचा कार्यक्रम त्यांच्याशिवाय उभाच राहत नसे. चाली बांधायचं वेड आम्रपालीला त्यांच्यामुळेच लागलं.

त्या वर्षी चिंचवडच्या नाट्यगृहात कामगारांची गायन स्पर्धा ठरली. अट एकच, गाणं नवं हवं. आम्रपालीला लगेच यास्मिन आठवली. यास्मिन शिकलगार तिच्याच लाइनवर काम करायची, कंपनीच्या बसमध्ये शेजारी बसायची आणि मोबाइलवर कविता लिहायची. कुणाला दाखवायची नाही; आम्रपालीला मात्र एक पाठवली होती.

‘गाव विचारतात मला. काय सांगू?
जिथं चपला दाराबाहेर निर्धास्त सुटतात
ते माझं गाव.’

पुढंही अशीच लहानमोठ्या ओळींची. जयसिंगांनी ऐकली आणि मान हलवली. “आमू, कविता झकास हाय. पण याला यमक न्हाई, मात्रा न्हाई. हे बोलणं झालं, गाणं न्हाई.”

आम्रपाली हट्टाला पेटली. कव्वालीचा ठेका लावून पाहिला, भजनाचा पाहिला. दुसरी ओळ दरवेळी तालाबाहेर सांडायची. शेवटी तिनं त्यातला ‘निर्धास्त’ काढून टाकला. ओळ चपखल बसली. खुशीत तिनं बसमध्ये यास्मिनला चाल गुणगुणून दाखवली.

यास्मिनचा चेहरा उतरला. “काय केलंस हे? चपला तर सगळीकडंच सुटतात, आमू. आम्ही लातूरहून आलो, चार ठिकाणी खोल्या बदलल्या. प्रत्येक ठिकाणी अम्मी चपला आत घेऊन झोपायची. सगळी कविता त्या एका शब्दासाठी लिहिली मी.”

आम्रपालीनं मोबाइलवर कविता पुन्हा उघडली. बस मोशीपर्यंत आली तेव्हा ती म्हणाली, “तू वाचून दाखव ना. मी आजवर फक्त डोळ्यांनीच वाचली.”

यास्मिननं वाचली. ‘काय सांगू’ला तिचा आवाज वर गेला, आणि ‘निर्धास्त’वर आल्यावर ती थांबली, रेंगाळली, घरी पोचल्यासारखा श्वास सोडून पुढं गेली. आम्रपालीनं तिचा हात घट्ट धरला. “पुन्हा वाच!”

त्या संध्याकाळी ती वडिलांपुढं बसली. “बाबा, या शब्दाला ढोलकी बंद ठेवायची. मी माझ्या श्वासानं म्हणीन. ‘ते माझं गाव’ला तुमची थाप.”

“ताल सोडून? लोक हसतील, पोरी.”

“एकदा वाजवा तरी.”

जयसिंगांनी वाजवलं. त्या शब्दाला थांबले, आणि ‘ते माझं गाव’ला थाप दिली. मग ढोलकी मांडीवर नीट ओढून घेत ते म्हणाले, “पहिल्यापासून घे.”

स्पर्धेच्या दिवशी नाट्यगृह खचाखच भरलं होतं. आम्रपालीनं सुरुवात केली. तो शब्द आला, ढोलकी थांबली आणि तिचा आवाज एकटाच सभागृहभर फिरत राहिला. मग जयसिंगांची थाप अशी कडाडली की मागच्या रांगेतल्या बाया उभ्याच राहिल्या. “वन्स मोअर!” दुसऱ्यांदा ‘ते माझं गाव’ सगळ्या सभागृहानं म्हटलं, त्यात विदर्भाचे होते, कोकणचे होते, बिहारचेही होते.

पहिलं बक्षीस जाहीर झालं तेव्हा आम्रपाली थेट मंचावर गेली नाही. आधी प्रेक्षकांत धावली आणि अम्मीच्या शेजारी ओढणीत तोंड लपवून बसलेल्या यास्मिनला ओढत वर घेऊन आली. जयसिंगांनी माइक हातात घेतला.

“कविता यास्मिन शिकलगार यांची,” ते म्हणाले, आणि छाती फुगवून, “चाल आम्रपाली जयसिंग ओव्हाळ यांची. आमी नुसते साथीला!”

टाळ्या थांबेनात. यास्मिन आता मान ताठ करून सगळ्यांकडं बघत होती, आणि खाली तिची अम्मी शेजारच्या अनोळखी बाईला हलवून हलवून सांगत होती, “माझी लेक आहे ती. माझी!”