अक्का पाण्यात उतरली होती

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे बसलो होतो. डोळ्यांत थेंब घातलेले, त्यामुळे फोनवरचं नाव दिसेना. अक्काच्या शेजारच्या बाईंचा आवाज तेवढा ओळखू आला. चहा ठेवता ठेवता ओट्याशी खाली बसली आणि संपलं. तशाच धूसर डोळ्यांनी रिक्षा करून अप्पांच्या घरी पोचलो. सुलोचना अक्का, माझी थोरली बहीण, आमच्या वडिलांना, अप्पांना, सांभाळत त्यांच्याकडेच राहायची. ती जाऊन सहा आठवडे झाले. या सहा आठवड्यांत मला एका जागी बसवत नाही, आणि त्याचं कारण नुसतं दुःख असतं तर बरं झालं असतं.

आमचं घर बौद्ध. अप्पा रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर होते. तरुणपणी दीक्षा घेतली त्या दिवशी त्यांनी घरातले देव गोणपाटात बांधून विहिरीत टाकले. त्यांची आई चार दिवस जेवली नाही, तरी मागं सरले नाहीत. आम्हा दोघांकडून त्रिसरण, पंचशील शाळेत जायच्या आधीच पाठ करून घेतलं. अक्का नर्स झाली, पस्तिशीत विधवा झाली, धारवाडच्या एका दवाखान्यात तिनं आयुष्य काढलं. निवृत्तीला दोन-चार वर्षं राहिली असताना एक दिवस मला म्हणाली, "बाळू, मी रविवारी प्रार्थनेला जाते." वॉर्डातली एक म्हातारी ख्रिस्ती पेशंट शेवटच्या दिवसांत हिचा हात धरून, हिचं नाव घेऊन देवाकडे मागायची म्हणे. "इतकी वर्षं सगळ्यांचं केलं रे, माझ्यासाठी कुणी मागितलं नव्हतं." "आणि बुद्ध?" मी डिवचलं. "त्यांनी वाट दाखवली की. खोटं कशाला बोलू? पण मला चालताना सोबत पाहिजे होती." मला ते पटलं नाही, आजही पटत नाही. त्यानंतर तिची चिडचिड गेली हे मात्र खरं, आणि मला त्याचाही राग यायचा.

घरी ती स्वयंपाकघरात, पुटपुटत, कन्नडमध्ये प्रार्थना करायची. कन्नडमध्ये का, असं विचारलं तर डोळे मिचकावून म्हणाली, "अप्पांना वाटतं, खिडकीतनं शेजारणीशी बोलतेय." पण अप्पांना कळलंच. ते ओरडले नाहीत, त्यांनी एक नियम केला. "जाऊ दे, बसू दे, गाणी म्हणू दे. पाण्यात उतरत नाही तोवर ती आपली." बाप्तिस्म्याला ते पाण्यात उतरणं म्हणायचे. आणि अक्का उतरली. रायापूरच्या बाजूला प्रार्थनेच्या हॉलमागं सिमेंटचा हौद आहे, तिथं. माझ्याच स्कूटरवरून मी तिला नेलं, कोरडी साडी आणि टॉवेल पिशवीत घेऊन हौदाशी उभा राहिलो. परत येताना ओल्या केसांनी मागं बसून ती म्हणाली, "अप्पांना सांगू नकोस, मीच सांगेन. पण त्याआधी माझं काही झालं तर मला जाळू नका हं. माती द्या, आमच्या लोकांत." तो 'आमच्या' शब्द मला टोचला. तरी "बरं" म्हणालो.

ती गेली त्या दिवशी अंगणात विहारातली माणसं जमली होती, पांढरं कापड आलं होतं. फाटकापाशी पास्टर उभे होते, हौदात तिला धरणारे तेच. भांडायला आले नव्हते ते; नुसते माझ्याकडं बघत राहिले. अप्पांनी खुर्चीतून सगळ्यांसमोर विचारलं, "बाळू, ती पाण्यात उतरली होती काय?"

मी म्हणालो, "नाही, अप्पा."

पास्टरांनी मान खाली घातली आणि ते गेले. दुपारी तिला अग्नी दिला, मीच दिला. तिसऱ्या दिवशी अस्थी नदीत सोडल्या. आता मातीत ठेवायलाही काही उरलेलं नाही...

अप्पांचं वय, जमलेली माणसं, अशी कारणं मी स्वतःला रोज देतो. रविवारी नऊ वाजले की घर खायला उठतं. स्कूटर काढतो, रायापूरपर्यंत जातो, हॉलसमोरून तसाच वळून येतो. खरं सांगायचं तर मी अप्पांना भ्यालोच नव्हतो. अक्कानं मला सोडून दुसऱ्या कुणाला 'आमचे' म्हणावं, हे मला सहन झालं नव्हतं. निदान शेवटी तरी ती माझी राहावी असं वाटलं, आणि त्यापायी मी तिला दिलेला शब्द मोडला. हे लिहितानाही लाज वाटते.

गेल्या रविवारी वळलो तो थेट अप्पांकडे गेलो. ते अक्काच्या पलंगावर बसून स्वतःच्या गुडघ्याला तेल चोळत होते. हे काम ती करायची. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. मी खोटं बोललो, ती उतरली होती, मीच नेलं होतं. त्यांनी तेलाची वाटी खाली ठेवली. आता आवाज चढणार असं मला वाटलं. ते म्हणाले, "भ्याली असेल की रे. लहानपणी डोक्यावरनं तांब्या ओतला तरी रडायची."

"भ्याली होती," मी म्हणालो. "पायरीवर माझा हात सोडेना."

"मग?"

"मग मीच सोडवला, अप्पा."