सेन्सरला वाहिलेली शिवामूठ

पडणाऱ्या पाण्याच्या थेंबाची आघात-ऊर्जा मोजल्याशिवाय देशाची शेती सुधारणार नाही, असं एम.ई. करताना माझं ठाम मत होतं. (मत सरांचं, ठामपणा माझा.)

सेन्सर म्हणजे बझरमधली पितळी चकती. तिच्यावर थेंब आपटला की कॉम्प्युटरवर रेघ उसळायची. अडचण होती एकसारखे थेंब पाडायची. नळ ऐकेना, सलाइनची नळी ऐकेना. शेवटी देवघरातलं अभिषेकपात्र उचललं. बुडाला बारीक भोक, थेंबामागून थेंब, काय शिस्त!

"आज श्रावणी सोमवार आहे," आई म्हणाली. "पूजेच्या आत परत आण."

मंगळवारी सरांना आलेख दाखवायचा होता. नाही दाखवला, तर अख्खं सत्र वाया! गॅलरीत सगळं मांडलं, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि फ्लॉपी आणायला नाशिकरोडला गेलो.

परत येतो तो कळवणची आत्या गॅलरीत हात जोडून उभी! चकतीवर बेल, कुंकू आणि शिवामुठीचे तांदूळ.

"अगं आत्या, हा महादेव नाही! सेन्सर आहे!"

"आसू दे. नाव काहीबी आसू दे, भाव पाहिजे."

"एवढ्या वायरी दिसल्या नाहीत तुला?"

"दिसल्या ना. म्हटलं, लायटिंगचं काम बाकी हे."

मागे शेजारच्या काकू ताट घेऊन ताटकळलेल्या. "तुमचं नंतर चालू द्या हो, मला ऑफिस गाठायचंय," म्हणत त्यांनीही मूठ सोडली. रेघ पडद्याबाहेर!

तेवढ्यात आई आली. "देवघरातला महादेव कोरडा, आणि अभिषेक इथे?" तिने पात्र काढून नेलं. मी चकती पुसायला गेलो, तर तिथूनच ओरडली, "हात लावू नकोस! पूजा झालीये तिची. उद्या सकाळपर्यंत हलवायची नाही."

म्हणजे हाताशी आलेख तेवढा एकच. तोच घेऊन मंगळवारी गेलो. सरांनी उसळलेल्या रेघेवर बोट ठेवलं.

"हे थेंब आहेत?"

"नाही सर. तांदूळ."

"कोणी टाकले?"

"आत्याने."

"तुमच्या थेंबांपेक्षा बरे आलेत. विषय बदला."

पुढच्या सोमवारी तीळ, मग मूग, मग जव. आत्याला श्रावणभर ठेवून घेतलं. प्रबंध मंजूर झाला. त्यात पाण्याचा उल्लेख एकाच ठिकाणी आहे: तांदूळ धुतलेले नव्हते.