आईचं दुखणं आणि सकाळचा राउंड

नोकरीसाठी मोर्शीहून पुण्याला निघाले, तेव्हा आई स्टँडवर आली नाही. बाजार भरत होता. तिच्या भाजीच्या दुकानापुढे मी ऑटो थांबवला. मेथीच्या जुड्या लावता लावता ती म्हणाली, "जाय माय. मी मजेत आहो." हात धरला तर अंग तापाने फणफणलेलं. पण बोहनी व्हायची होती. पहिलं गिऱ्हाईक होईपर्यंत दुखण्याचं नाव काढायचं नाही, हा तिचा जन्माचा नेम.

पुण्यात अकरा वर्षं झाली. डेडलाइन, कॅब, ऑफिसला जाताना आईला व्हिडिओ कॉल. ती कायम मजेतच. फोन आपण सकाळीच, बोहनीच्या आधी करतो, हे माझ्या लक्षात येऊ नये, याचा अजून स्वतःवर संताप होतो.

यंदा ती पडली. खुब्याचं हाड मोडलं. अमरावतीच्या दवाखान्यात पोचले, तर फाईलवर रोज एकच नोंद: वेदना नाहीत. डॉक्टर म्हणाले, शहात्तर वय, त्रास काही नाही, ऑपरेशन कशाला? पडून राहू द्या. दादाने मानही डोलावली होती.

"तू दोन दिवसाची पाहुणी," तो मला म्हणाला. "तुले काय समजते?"

पडून राहिली तर ती पुन्हा उभी राहणार नाही, एवढं समजत होतं. आणि डॉक्टरांचा राउंड सकाळी आठचा, हेही.

दुपारी येऊन पुन्हा विचारा, असं मी डॉक्टरांना सांगितलं. ते हसले. मग मी त्यांच्या केबिनबाहेर ठाण मांडलं. दोन मीटिंगा बुडवल्या. नर्सबाई माझं तोंड बघून कंटाळल्या. तीन वाजता डॉक्टर आले, तोंड वाकडं करूनच.

"आई, बाजार उठला," मी म्हटलं. "आता बोल."

तिने डॉक्टरांकडे मान वळवली. "लय दुखते जी, डॉक्टरसाहेब. कूसबी बदलता येत नाई. पण मले चालाचं हाये." आणि ती रडली. मी तिला पहिल्यांदाच रडताना पाहिलं. दादा खिडकीकडे वळला. डॉक्टरांनी उभ्याउभ्याच नवा एक्स-रे काढायला सांगितला आणि ऑपरेशनची तारीख दिली.

फॉर्मवर नातेवाईक म्हणून मी सही केली, पत्ता मोर्शीचा लिहिला.

"तू तं आता पुण्याची," दादा म्हणाला.

मी पत्ता खोडला नाही. पुण्यात मी राहते. पण जिच्यासाठी मी डॉक्टरशी भांडते, तिचा पत्ता तोच माझा पत्ता.